ओत्तीचं घर

ओरत्तनाडूत मराठी माणसाने बांधलेली सर्वांत भव्य राहायची सोय फुकट होती. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावी तंजावरच्या सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभं केलं आणि गावालाही मुक्तांबाळपुरम् नाव मिळालं. रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूला तिथे जेवण मिळे आणि आजारी पडला तर वैद्य. 1799 च्या तहात राज्य कंपनीकडे गेलं, तरी राजांनी 1801 साली रेसिडेंट टोरिनला पत्र लिहून विनवलं ते छत्रांसाठी. राज्य गेल्यावर माणूस दागिन्यांची चौकशी करतो, राजेसाहेब वाटसरूंच्या भाताची करत होते.

अशा गावात भाड्याची चाळ घेऊन श्रीमंत व्हायचं, हा बेत माझ्या भाच्याचा. माझी सासुरवाडी तंजावरची, तीन चार पिढ्यांची नव्हे, चांगली राजांच्या वेळची मराठी. मेहुणे निवृत्त, भाचा बेंगळुरूला संगणकात. त्याने कुठल्याशा अमेरिकन गुरूकडून एक मंत्र आणला होता, त्यात बी एक आणि आर चार. मोडकं घर घ्या, डागडुजी करा, भाड्याने द्या, वाढलेल्या किमतीवर नवं कर्ज काढून आपले पैसे मोकळे करा, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या लॉपटॉपवरच्या तक्त्यात सातव्या वर्षी मेहुण्यांच्या नावे अकरा घरं निघत होती. मेहुणे म्हणाले, ‘‘अकरा घरांची घरपट्टी भरायला रांगेत कोण उभं राहणार?’’

मला बोलावलं ते पुण्याचा घरमालक म्हणून. शनिवारातल्या आमच्या वाड्यातल्या भाडेकरूंकडून मला मिळणाऱ्या रकमेत महिन्याला एक मिसळ येते, पाव वेगळे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीला गोठवली आणि नंतर 1999 चा कायदा आला, तोवर आमच्या जुन्या बिऱ्हाडांची चौथी पिढी रांगायला लागली होती. तेव्हा मालक असूनही मिळकत नसणे या विषयात माझा अधिकार मोठा आहे.

घर म्हणजे तिथे ज्याला लाइन वीडू म्हणतात ते. एका ओळीत चार पोर्शन, पुढे सामाईक ओटी, मागे विहीर. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे आलेल्या गज वादळाने त्या पट्ट्यातल्या नारळी झोपवल्या, त्यातलीच एक शेवटच्या पोर्शनच्या कौलांवर झोपली होती. तिथे ‘तात्पुरते’ म्हणून घातलेले पत्रे अजून होते. किंमत 42 लाख. चारही बिऱ्हाडं भरलेली. भाचा खूश. त्याने म्हाताऱ्या मालकांना भाडं किती येतं, ते विचारलं.

‘‘भाडं? नाही येत.’’

‘‘थकलंय?’’

‘‘छे, थकायला लागलेलं असावं लागतं.’’

चारही पोर्शन ओत्तीवर होते. ओत्ती, कुणी भोग्यम् म्हणतं, हा प्रकार आपल्याकडच्या ताबेगहाणाचा सख्खा भाऊ. भाडेकरू मालकाला एकदम तीन-चार लाख देतो आणि ठरलेली वर्षं बिनभाड्याने राहतो. मुदत संपली की मालकाने पूर्ण रक्कम परत करायची, भाडेकरूने किल्ली. भाडं हेच व्याज आणि व्याज हेच भाडं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात याला रीतसर जागा आहे, नोंदणीही सक्तीची. पण पुष्कळ ओत्त्या साध्या मुद्रांकावर आणि शेजाऱ्यांच्या साक्षीवर चालतात. त्यामुळे विल्लंगम् दाखला, म्हणजे घरावर बोजा आहे की नाही सांगणारा सरकारी कागद, आरशासारखा स्वच्छ होता. घरावर 15 लाखांचं देणं होतं आणि धनको आत बसून भात खात होते.

म्हातारबुवांना यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. ‘‘42 तून 15 वजा करा, उरलेलं मला द्या. ते 15 तुम्ही त्यांना द्यायचे.’’ केव्हा? ‘‘पुढचा येईल तेव्हा. त्याच्याकडून घ्यायचे, आधीच्याला द्यायचे.’’ विहिरीवरची मोटर दुसऱ्या पोर्शनच्या कुणाच्या पैशांतून, संडास तिसऱ्याच्या, गच्चीचा जिना चौथ्याच्या. प्रत्येक नवा भाडेकरू जुन्यापेक्षा थोडे जास्त द्यायचा, तो फरक घराला. भाच्याचे चार आर हे गृहस्थ लुंगीवर, बँकेत पाय न टाकता, वर्षानुवर्षं फिरवत होते.

भाच्याने लॉपटॉप उघडला. एका पोर्शनमधल्या टीचरबाईंची ओत्ती 5 लाखांची, आणि तसल्या पोर्शनला महिना 6 हजार सहज मिळाले असते. म्हणजे वर्षाला 72 हजार सोडायचे, म्हणजे 14.4 टक्के व्याज! बँक 9 टक्क्यांत देते. चौघांचे पैसे फेडायचे, महिन्याच्या भाड्यावर नवे करार करायचे, काम फत्ते. गणित बिनचूक होतं. म्हणून आम्ही बँकेत गेलो.

बँकेचे साहेब फार सभ्य. घर आवडलं, विल्लंगम् दाखला आवडला. ‘‘भाड्याचे करार?’’ भाडं येत नाही. ‘‘मग हप्ता कशातून?’’ भाड्यातून. ‘‘ते कधी सुरू होईल?’’ ओत्ती फेडल्यावर. ‘‘ती कशातून फेडणार?’’ तुमच्या कर्जातून. साहेबांनी आमच्यासाठी कॉफी मागवली आणि ती पितळी टंबलरमधून येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.

एवढा गुंता आपल्याच नशिबी, असं वाटून घेण्याचं कारण नाही. दक्षिण कोरियात याच व्यवहाराला जॉन्से म्हणतात. तिथे घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त रक्कमसुद्धा भाडेकरू मालकाकडे ठेवतो. नव्याचे घेऊन जुन्याचे द्यायचे, हे तिथेही तेच. एकाने याच रीतीने हजाराहून अधिक घरं जमवली, लोक त्याला व्हिलांचा राजा म्हणत. 2022 च्या ऑक्टोबरात तो वारला तेव्हा भाडेकरूंच्या ठेवी फेडायला मागे काही नव्हतं, आणि पुढच्या वर्षी तिथल्या संसदेला अशा भाडेकरूंसाठी वेगळा कायदा करावा लागला. हे मी मेहुण्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘हजार कशाला घ्यायची? चार घ्यावीत, सगळ्यांची तोंडं दिसतात.’’ आणि आपल्या फंडाच्या पैशांतून त्यांनी घर घेतलं.

दुरुस्तीत एक गोष्ट कळली. महिन्याचं भाडं भरणारा माणूस नळ गळतो म्हणून तक्रार करतो. 5 लाख दिलेला माणूस कोत्तनारला, म्हणजे गवंड्याला, हुकूम सोडतो. टीचरबाई खुर्ची टाकून बसत. गिलाव्यात वाळू जास्त झाली की त्यांच्या कपाळाला आठी, की कोत्तनार थापी थांबवून मुकाट्याने सिमेंट ओतायचा. मेहुणे छत्री धरून उभे. गवंड्याची पोरं त्यांना टीचरबाईंचा मुनीम समजत.

मग टीचरबाईंची बदली झाली. त्यांना 5 लाख हवे होते. जनावरांच्या कॉलेजातल्या एका कारकुनाने 7 द्यायचं कबूल केलं, मात्र कमोड बसवून हवा, आणि आडी महिना संपल्यावरच येणार. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा हा आडी, त्यात तमिळ माणूस साड्या सवलतीत घेतो, पण घर बदलत नाही. भाच्याच्या तक्त्यात आडीसाठी रकानाच नव्हता. टीचरबाईंनी कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. पैसे आल्यावर किल्ली. कमोड बसल्याशिवाय कारकून नाही, कारकुनाशिवाय पैसे नाहीत, पैशांशिवाय किल्ली नाही, आणि कमोड खोक्यासकट ओटीवर.

भाचा स्वतः बेंगळुरूहून आला. ‘‘टीचर, फक्त कामापुरती किल्ली द्या. आडी सरून आवणी लागली की तुमची पै न् पै पोचेल.’’

‘‘देते की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तोवर हा लॉपटॉप ठेवून जा.’’

भाच्याचं तोंड उतरलं. चेष्टेनेच म्हणाला, ‘‘मग महिनाभराचं व्याज किती धरायचं?’’

‘‘व्याज कशाला? माझी मुलगी वापरेल ना तोवर.’’