डेर, डी, दास आणि किरनापूरचे चिरंजीव

श्टुटगार्ट, जर्मनी

तीर्थरूप बाबा व आई यांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे चिरंजीव, सूनबाई आणि नात येथे खुशाल आहेत. थंडीची काळजी नसावी. काळजी करायचीच असेल तर व्याकरणाची करावी.

सूनबाई सध्या 'इंटिग्रेशन कोर्स'ला जातात. ४५ मिनिटांचा एक तास, असे भाषेचे ६०० तास आणि त्यावर इथला इतिहास, कायदा नि रीतभात यांचे १०० तास. भाषेच्या एकूण सहा पायऱ्या: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. कोर्स बी-१ पर्यंत नेतो. त्यापुढे ज्याचा तो आणि ज्याचे त्याचे नशीब. चिरंजीव नोकरीवरून आल्यावर सूनबाईंच्या वहीतून शिकतात. नात बालवाडीतून आयते शिकून येते आणि दोघांचे उच्चार तपासते.

पहिला धडा नमस्काराचा. सकाळी 'गुटेन मॉर्गेन', दिवसा 'गुटेन टाक', संध्याकाळी 'गुटेन आबेंट' आणि झोपताना 'गुटे नाख्ट'. 'टाक' लिहिताना शेवटी 'ग' असतो, पण शब्दाच्या शेवटी आलेला ग इथे क होतो, ब चा प होतो आणि ड चा ट. आता बाबा विचारतील की तीन वेळा 'गुटेन' आणि रात्रीच 'गुटे' का? त्याचे असे आहे की 'तुम्हाला चांगला दिवस चिंतितो' या अख्ख्या वाक्यातले एवढेच शब्द उरले आहेत. म्हणजे दिवस हा कर्म झाला. सकाळ, दिवस आणि संध्याकाळ इथे पुल्लिंगी, म्हणून 'गुटेन'. रात्र स्त्रीलिंगी, म्हणून 'गुटे'. ज्या देशात रामरामसुद्धा द्वितीया विभक्तीत घालतात, तिथे बाबांना करमले असते.

श्टुटगार्टच्या बाजूची जुनी मंडळी मात्र 'ग्र्यूस गॉट' म्हणतात. त्यात देव आहे, त्यामुळे रामरामाची सवय असलेल्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून जमते. उत्तरेला हांबुर्गकडे 'मॉइन' एवढ्या एका शब्दात सकाळपासून रात्रीपर्यंतचे काम भागते. दुपारी जेवणाच्या सुमारास ऑफिसच्या बोळात भेटलेला माणूस 'माल्त्साइट' म्हणतो, म्हणजे नुसते 'जेवणवेळ'. निरोप घेताना 'आउफ वीडरझेएन', पुन्हा दिसू; फोनवर मात्र 'आउफ वीडरह्योरेन', पुन्हा ऐकू. फोनवर माणूस दिसत नाही, हे यांनी भाषेतसुद्धा नोंदवून ठेवले आहे. डॉक्टरच्या दवाखान्यात शिरले की बाकावर बसलेल्या अनोळखी रोग्यांनाही 'गुटेन टाक' म्हणायचे असते. त्यानंतर कोणी कोणाशी अवाक्षर बोलत नाही.

आईसाठी एक खुलासा. 'हो'ला इथे 'या' म्हणतात. शेजारच्या आजी दार लावता लावता 'या, या' म्हणतात तेव्हा ते बोलावणे नसते.

'तू' म्हणजे 'डू' आणि 'आपण' म्हणजे 'झी'. ही शिस्त मराठी घरात शिकवावी लागत नाही. वयाने मोठ्या माणसाने 'आता डू म्हण' असे सांगेपर्यंत 'झी'च म्हणायचे, हेही पटते. गोंधळ पुढे आहे. 'ती' म्हणजे 'झी', अनेकवचनी 'ते' म्हणजेही 'झी'. लिहिताना पहिले अक्षर मोठे काढले की 'आपण', लहान काढले की 'ती' किंवा 'ते'. सगळा मान एका अक्षराच्या उंचीत! देवनागरीत अक्षरांचे मोठे-लहान नसल्याने नातीला हे काही केल्या पटत नाही. त्यात इथे प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होते, बटाटासुद्धा.

आता मुख्य दुखणे, लिंग. 'डेर' पुल्लिंगी, 'डी' स्त्रीलिंगी, 'दास' नपुंसकलिंगी. वर्गातल्या दिल्ली-लखनौच्या मंडळींना तिसरे लिंग ऐकूनच घाम फुटला. किरनापूरचा माणूस हसला. शाळेत हिंदीत 'पुस्तक अच्छी है' आणि घरी आल्यावर 'पुस्तक चांगलं आहे', असे दप्तर खाली ठेवताना लिंग बदलायची सवय त्याला लहानपणापासून आहे. आणि नशीब पाहा, पुस्तक जर्मनमध्येही नपुंसकलिंगी. घर, पाणी, मूल हीसुद्धा तिन्ही 'दास'. पहिला आठवडा मराठीने तारून नेला.

दुसऱ्या आठवड्यात सूर्य उगवला तो 'डी' होऊन, आणि चंद्र 'डेर'. जेवायला बसावे तर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. एका ताटाभोवती तिन्ही लिंगे. मुलीला म्हणतात 'मेडशेन', आणि ती नपुंसकलिंगी, कारण शेवटी 'शेन' हा लघुत्व दाखवणारा प्रत्यय आला की कोणताही शब्द 'दास' होतो. आई नातीला लाडाने 'पोरगं' म्हणते, तेव्हा या बाबतीत जर्मनांशी भांडायला चिरंजीवांना तोंड उरले नाही. सलगमाला स्त्रीलिंग आणि मुलीला नाही, यावर मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाने १८८० सालीच एका लेखात तोंडसुख घेतले होते. फरक काही पडलेला नाही.

विभक्त्या चारच आहेत. बाबांनी प्रथमा ते संबोधन आठ पाठ करून घेतल्या, त्या मानाने ही सवलतच. पण इथे नाम बहुधा जागचे हलत नाही, पुढचा 'डेर' तेवढा 'डेन', 'डेम', 'डेस' होत फिरतो. आपल्याकडे घोडा स्वतःच 'घोड्याला' होतो, त्यामुळे मराठी शिकणाऱ्या जर्मन माणसाचे हाल अधिक. आणखी एक. 'जेवतो' आणि 'जेवून राहिलो' यांत पुस्तकी जर्मन काही फरक करत नाही. आईने व्हिडिओ कॉलवर 'काय करून राहिले?' विचारले, तर त्यातल्या 'राहिले'साठी इथे क्रियापदच नाही.

आकड्यांत मात्र मराठी माणूस बाजी मारतो. पंचवीसमध्ये पाच आधी, वीस नंतर. जर्मनमध्येही 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. सत्तेचाळीस म्हणजे सात आणि चाळीस. इंग्रजी माध्यमातून आलेले इथे उलटेपालटे फोन नंबर लिहून घेतात. खुद्द जर्मनांनाही हे जड जाते. आधी वीस आणि मग एक म्हणू द्या, अशी मागणी करणारी एक संस्थाच बोखुमच्या एका गणिताच्या प्राध्यापकांनी काढली आहे. त्यांनी एकदा आपले एकोणपन्नास ऐकावे.

घड्याळ त्याहून गमतीचे. 'हाल्प द्राय' म्हणजे अर्धा तीन, म्हणजे अडीच. ते साडेतीन समजून निघालेला माणूस तासभर उशिरा पोचतो. श्टुटगार्टकडचे लोक त्यापुढे जाऊन सव्वादोनला 'फिर्टेल द्राय' म्हणतात, पाव तीन. आणि पावणेतीनला 'द्रायफिर्टेल द्राय', पाऊण तीन. उत्तरेकडच्या बऱ्याच जर्मनांना हे कळत नाही. किरनापूरच्या माणसाला पावणेतीन तरी लगेच कळले.

उच्चारातही घरची पुंजी उपयोगी पडते. इंग्रजीतले 'झेड' अक्षर इथे 'त्स' म्हणतात, म्हणजे साधारण चाकातला च, चहातला नव्हे. हिंदीवाल्यांकडे चहातलाच तेवढा आहे. 'जे'चा मात्र य होतो आणि शेवटच्या 'व्ही'चा फ. म्हणून इथे कोणी जाधव आले की पाटी वाचून त्यांना 'याधाफ' अशी हाक येते. देवगिरीच्या यादवांपासून जाधव झाले असे सांगतात; जर्मनांनी एका दमात निम्मे यादव परत केले.

शुद्धलेखनाचे भांडण इथेही आहे. इंग्रजी 'बी'सारखे दिसणारे, पण 'स' म्हणणारे 'एस्त्सेट' नावाचे एक अक्षर आहे. १९९६च्या सुधारणेने ठरवले की दीर्घ स्वरानंतर एस्त्सेट आणि ऱ्हस्व स्वरानंतर दोन 'एस'. त्यावर वर्तमानपत्रे, लेखक, शिक्षक वर्षानुवर्षे भांडले. त्याच सुधारणेने जलवाहतुकीला म्हणतात त्या 'शिफफार्ट'मध्ये ओळीने तीन 'एफ' आणले. एस्त्सेटचे मोठे अक्षर तर २०१७ साली कुठे अधिकृत झाले. स्वित्झर्लंडने हे अक्षरच टाकून दिले आहे. बाबा अजून 'नांव'वर अनुस्वार देतात, त्यांना हा वाद परका नाही. शिवाय किरनापूर मध्य प्रदेशात, त्यामुळे १९६२चे महाराष्ट्र शासनाचे नियम आपल्याला लागू नाहीत, हे बाबांचे म्हणणे कायद्याने बिनतोड आहे. मात्र गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहावा असे तेच नियम सांगतात आणि बाबा तो दीर्घच लिहितात. पाटीवर हिंदीच्या रीतीने 'पुर' ऱ्हस्व आहे, ते वेगळे.

सूनबाई कंटाळल्या की चिरंजीव त्यांना इरावती कर्व्यांचे उदाहरण देतात. त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या असमतोलावर डॉक्टरेट घेऊन परतल्या. सूनबाई म्हणतात की कवट्यांना लिंग विचारावे लागत नसेल. मग चिरंजीव गुंथर सोन्थायमर यांचे नाव काढतात. हायडेलबर्गचे हे अभ्यासक मराठी शिकून धनगरांत राहिले, खंडोबावर लिहिले. त्यावर मात्र सूनबाई गप्प बसतात आणि वही उघडतात.

गोंदियाच्या आतेभावाला सांगावे की महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात सुरुवातीला १०,००० तरुणांचे उद्दिष्ट ठेवले होते. त्याने चौकशी करावी, आणि कागदपत्रांच्या आधी भाषेला लागावे. प्रत्येक शब्द डेर-डी-दाससकट पाठ करावा. नुसता शब्द पाठ केला तर तो पुन्हा पहिल्यापासून पाठ करावा लागतो.

कळावे. आपले आज्ञाधारक,
चिरंजीव, सूनबाई व नात

ता. क. पत्राचा पत्ता लिहिताना आधी रस्त्याचे नाव, मग घर क्रमांक. खालच्या ओळीत आधी पाच आकडी पिन, मग शहर. 'श्ट्रासे'मधले एस्त्सेट लिहिता आले नाही तर दोन 'एस' लिहावेत, चालते. नाव मात्र पूर्ण घालावे. इथे फ्लॅटला बहुधा क्रमांक नसतो, पोस्टमन पेटीवरचे नाव वाचूनच पत्र टाकतो.