टायर-प्रकरण

वयाची पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने वेगाविषयी बोलू नये, असा एक अलिखित दंडक सभ्य समाजात रूढ आहे, आणि तो मोडण्याचे धैर्य माझ्या अंगी नसल्यामुळे प्रस्तुत लेख वेगाविषयी नसून केवळ टायरांविषयी आहे, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. आमच्या दारात 2017 सालची, चाकणच्या कारखान्यात जन्मलेली एक तांबडी पोलो जीटी उभी असते. दिसायला ती चारचौघींसारखीच. परंतु टर्बो नामक यंत्राच्या कृपेने तिचे अवघे 1197 सीसीचे इंजिन 105 अश्वांचे बळ प्रकट करते, आणि या सर्व अश्वांचा लगाम आमच्या सौभाग्यवतींच्या हाती आहे. त्या गणिताच्या अध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. ज्या अलौकिक संयमाने त्यांनी मुलांच्या पिढ्यांना अपूर्णांक शिकवले, तो संयम ताम्हिणी घाटाच्या पहिल्या वळणावर संपुष्टात येतो. गाडी चालवणे हे त्यांचे खाते आणि गाडीविषयी वाचन करणे हे माझे, अशी वाटणी आमच्यात फार पूर्वीच झालेली असल्यामुळे, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने एके दिवशी पुढच्या चाकावरून हात फिरवून "काका, टायर गोटा झालेत" असा निकाल दिला, तेव्हा नव्या टायरांच्या निवडीचे दप्तर आपोआपच माझ्या मेजावर येऊन पडले.

निकाल न्याय्य होता. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे ठेवलेले असतात, आणि वरची नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खाचेची खोली 1.6 मिलिमीटर उरली, की कायद्याच्या दृष्टीने त्या टायरची मुदत संपते. आमच्या टायरांचे उंचवटे रस्त्याशी परस्पर बोलणी करू लागले होते. कारण शोधण्यास फार लांब जाण्याचे प्रयोजन नाही, श्रीवर्धनपर्यंत गेले की पुरे. फ्रान्सच्या मिशेलिन बंधूंनी 1900 साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका छापून ती फुकट वाटली, पुढे तीत उत्तम खानावळींची नोंद होऊ लागली. लोकांनी दूरदूर हिंडावे म्हणजे टायर झिजतील, हा त्यामागील व्यापारी हेतू आता जगजाहीर आहे. आमच्या घरी तेच कार्य कोणत्याही मार्गदर्शिकेवाचून, केवळ सुरमईच्या बळावर चालते.

मी वाचनास बसलो, आणि वाचनास बसलेल्या मनुष्याचे जे होते तेच माझे झाले, म्हणजे मूळ प्रश्न बाजूला राहून मी इतिहासात शिरलो. हवा भरलेल्या टायरचे पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉमसनने 1845 सालीच घेतले होते. परंतु ते दप्तरी दाखल होऊन पडून राहिले, आणि 1888 साली बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने तीच युक्ती नव्याने काढून अखंड कीर्ती संपादन केली. आपल्या लहानग्या मुलाची तिचाकी सायकल खडबडीत वाटेवर हादरते, हे पाहून त्या प्रेमळ पित्याने रबरी नळीत हवा भरली. ज्या वस्तूचा जन्म एका बालकाची हाडे सुखरूप राहावीत म्हणून झाला, तिच्या आजच्या सर्वांत महागड्या वंशजांनी प्रौढांची हाडे खिळखिळी करावीत आणि तरीही त्याबद्दल चढा दाम घ्यावा, यावरून मनुष्यजातीची प्रगती कोणत्या दिशेने चालली आहे याचा बोध होतो.

इतिहासातून बाहेर आल्यावर मी टायरच्या कुशीवर उठवलेली अक्षरे वाचू लागलो. ती अक्षरे म्हणजे एक सनदच आहे. आमच्या टायरवर '195/55 आर 16, 87 व्ही' असा मजकूर होता. त्याचा अर्थ असा की, टायरची रुंदी 195 मिलिमीटर, कुशीची उंची त्या रुंदीच्या शेकडा 55, बांधणी रेडियल, रिम 16 इंची, एका टायरने पेलावयाचा भार 545 किलो, आणि गाठण्यास मुभा असलेला वेग ताशी 240 किलोमीटर! मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी शंभरची परवानगी आहे, आणि कर्वे रस्त्यावर संध्याकाळी पायी चालणारा मनुष्य आमच्या पुढे निघून जातो. मग वरचे किलोमीटर कोणत्या खाती टाकावयाचे, असे एखादा हिशेबनीस विचारील. माझे उत्तर तयार आहे. न वाचलेल्या ग्रंथांनी जसे कपाटाला वजन येते, तसे न गाठलेल्या वेगाने मोटारीला येते. सबब मला व्ही अक्षर अपुरे वाटू लागले, आणि माझी दृष्टी 270 वाल्या डब्ल्यूवरून 300 वाल्या वायकडे सरकू लागली.

परंतु रबराचा स्वभाव असा की, ते एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने वसूल करते. मऊ रबर रस्त्याच्या कणाकणात शिरून त्याला घट्ट धरते, पण त्या प्रेमात स्वतः झिजते. कठीण रबर दीर्घायुषी असते, पण ओल्या रस्त्यावर ते तटस्थ वृत्तीने पुढे सरकत जाते. पूर्वी रबरात काजळी मिसळीत. 1990 नंतरच्या काळात तिच्या जागी पुष्कळ अंशी सिलिका आली आणि ओल्या रस्त्यावरील पकड व इंधनाची बचत यांच्यातील जुना तंटा बराचसा मिटला, तरी झिजेचा मुकदमा अद्याप चालूच आहे. अमेरिकन सरकारने या झिजेला आकडे दिले आहेत. टेक्सासमधील सॅन अँजेलो गावाभोवती सुमारे 640 किलोमीटरचा फेरा ठरवलेला असून, त्यावर टायर पळवून कोणी किती झिजला याची रुजवात घातली जाते. ज्याला 400 अंक मिळाले तो 200 वाल्याच्या दुप्पट टिकावा, असा संकेत. पण सॅन अँजेलोच्या त्या फेऱ्यात आमच्या पौड रस्त्यावरचे खड्डे नाहीत, त्यामुळे त्या आकड्यांवर माझी श्रद्धा बसली तरी भरवसा बसेना. युरोपीय ग्रंथकारांनी तर वर्षाचे उन्हाळी आणि हिवाळी असे दोनच टायर कल्पिले असून, पारा सात अंशांखाली गेला की टायर बदला, असे त्यांचे सांगणे आहे. पुण्यात पारा सातावर उतरला तर टायर बदलत नाहीत, वर्तमानपत्रांचे मथळे बदलतात.

एवढी सिद्धता करून आम्ही उभयता टायरच्या दुकानी गेलो. दुकानदार तरुण आणि आदबशीर होता. त्याने पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा न्याहाळल्या (वळणे जोरात घेणाऱ्यांच्या गाडीला त्या आधी झिजतात) आणि माझ्याकडे वळून सहानुभूतीने विचारले, "काका, गाडी मुलगा चालवतो ना?"

"मी चालवते," सौभाग्यवती म्हणाल्या. त्या क्षणापासून त्या दुकानात मॅडम झाल्या आणि माझे काकापदही कोणी उच्चारले नाही.

पुढच्या दोनच टायरांवर भागवा, अशी त्याची पहिली तजवीज. येथे माझे वाचन कामी आले. मी त्याला निवेदन केले की, दोनच नवे टायर घ्यावयाचे झाल्यास ते, गाडीची ओढ पुढच्या चाकांवर असली तरी, मागे बसवावेत. कारण ओल्या वळणावर पुढची बाजू घसरली तर सामान्य चालकही ती सावरू शकतो, मागची घसरली तर सहसा नाही. त्याने माझे म्हणणे एखाद्या वडीलधाऱ्याचे आयुर्वेदावरील मत ऐकावे तितक्या अदबीने ऐकले आणि तितकेच मनावर घेतले. "चारही टाका," असा मॅडमचा हुकूम सुटला आणि तो वाद खारीज झाला.

त्याची दुसरी तजवीज मला मनापासून आवडली होती, हे लपवीत नाही. सतरा इंची रिम, त्यावर 215/45 मापाचे रुंद टायर. गाडी काय दिसेल! सौभाग्यवतींनी क्षणभर छताकडे पाहिले. "कुशीची उंची साडेदहा मिलिमीटरने घटते," त्या म्हणाल्या, "म्हणजे रिम आणि खड्डा यांच्यामध्ये तेवढे रबर कमी. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. नको." मग मिशेलिन, काँटिनेंटल, ब्रिजस्टोन, योकोहामा अशा घराण्यांची नावे घेत दुकानदार एकेकाचे गुणवर्णन करू लागला, कोणी शांत, कोणी चपळ, कोणी दीर्घायुषी. ते सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला: "जुलैत ताम्हिणीत धुक्यातून समोर म्हैस आली, तर यातला कोणता आधी थांबतो?"

माझ्या टिपणवहीत वेगाची अक्षरे होती, झिजेचे अंक होते, डनलॉपचे सालही होते. म्हैस कोठेच नव्हती. दुकानदाराने बराच विचार करून एक टायर पुढे केला. तो सर्वांत मऊही नव्हता, सर्वांत चिवटही नव्हता, आणि त्याच्या अंगावर तेच व्ही अक्षर होते. सौभाग्यवतींनी चष्मा लावून प्रत्येकाच्या कुशीवरील जन्मतिथीचे चार अंक (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे) तपासले आणि त्यांतील एक वयोवृद्ध टायर परत पाठवला. नायट्रोजन भरू का, या प्रश्नावर, साध्या हवेत तो शेकडा 78 असतोच, उरलेल्या 22चे किती घेणार, असा प्रतिप्रश्न झाल्यामुळे साधी हवाच भरण्यात आली.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग वगैरे उपचार आटोपल्यावर दुकानदाराने पावती देताना हात जोडून विनंती केली, "मॅडम, टायर साच्यातून सुटावा म्हणून जे लावतात ते थोडे अंगावर राहते. पहिले दोनशे किलोमीटर जरा सबुरीने घ्या. वळणावर जोर नको, कचकन ब्रेक नको."

सौभाग्यवतींनी ते शांतपणे ऐकून घेतले, पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि ती माझ्या हातावर ठेवली.

"हे दोनशे तुम्ही चालवा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वेगळे काही करावे लागणार नाही."