सर्जनशक्तीचा गृहोद्योग

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढून, शिंपले, चिंचोके, पाने, खडे अशा फुकटच्या सरंजामावर बालवाडी चालवून दाखविली, हे आधुनिक शिक्षणशास्त्राचे दुर्दैवच म्हणावयाचे; कारण त्या पद्धतीत मुलाचे काम मूल स्वतःच करीत असे. आता इयत्ता पहिलीच्या ‘सर्जनशील उपक्रमा’चा हुकूम रात्री आठ वाजता व्हॉट्सॲपवर सुटतो, तीर्थरूप चकाकत्या कागदासाठी बाजारपेठ पालथी घालतात, मातोश्री मध्यरात्रीपर्यंत पिस्त्याच्या टरफलांचा मोर चिकटवितात, आणि ज्याच्या प्रतिभेचा विकास व्हावयाचा तो बाळ, डिंकास हात लावल्याबद्दल दोन धपाटे खाऊन, केव्हाच निद्राधीन झालेला असतो. मोरास मात्र (बाई गुणग्राहक खऱ्या!) शेरा मिळतो: ‘छान, स्वतः केले आहे.’