दप्तरात नसलेला इसम

पिपरी, सिंदी, बोरगाव, सावंगी असे जे मेघे-कुळ वर्धा शहराला चहूकडून बिलगले आहे, त्याच्या आसपासच्या एका ले-आउटमध्ये माझे घर आहे. नाव सांगत नाही, कारण तेथे मला अद्याप राहावयाचे आहे. या घरावर एक माडी चढवावी असा विचार निवृत्तिवेतनाच्या पहिल्याच महिन्यात मनात आला, आणि असल्या विचारांचा वास ज्यांना आपोआप लागतो त्या वर्गातील एक ठेकेदार दुसऱ्या दिवशी फाटकाशी येऊन उभा राहिला. "तुमी कायले चिंता करता काकाजी, नकाशा तेवढा आणा, बाकी आपण आहो न," एवढ्या एका वाक्यात त्याने आपली विद्या, अनुभव आणि जामीनकी या तिन्हींचा निकाल लावला. परंतु माझा भाचा अमेरिकेत असतो, आणि तेथील पुष्कळ गावांत ठेकेदाराने आजवर कोणते बांधकाम परवाने काढले व कोणत्या तपासणीत तो नापास झाला, हे कोणीही गृहस्थ दप्तरात पाहू शकतो, असे त्याने मला इतक्या वेळा बजावले होते की, या इसमाचाही पूर्वेतिहास सरकारी कागदांतून धुंडाळावा अशी दुर्बुद्धी मला झाली.

आपल्या कायद्याची व्यवस्था थोर आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या 44 व्या कलमाखाली अर्ज करतो तो मालक. नकाशावर सही करतो तो वास्तुविशारद अथवा परवानाधारक अभियंता. मंजुरी देते ते नियोजन प्राधिकरण, आणि त्याने 60 दिवसांत तोंड उघडले नाही तर, नकाशा नियमांत बसत असल्यास, त्याच्या मौनालाच संमती मानण्याची सोय 45 व्या कलमात आहे. पुढे जोते तपासणी, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र, अशा प्रत्येक मुक्कामावर कोणाचे ना कोणाचे नाव रुजू होते. परंतु जो लोखंड बांधतो, सिमेंटात वाळू किती हे ठरवतो आणि छताला गळती लागताच ज्याचा फोन प्रथम बंद होतो, त्याच्या नावाने मिसल उघडण्याची रीत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग आपल्या ठेकेदारांची वर्गवार नोंदणी करतो, म्हणजे सरकारचा पूल बांधणाऱ्याची चौकशी सरकार करते. माझे घर बांधणाऱ्याची चौकशी हा बहुधा माझ्या खासगी आयुष्यातील हस्तक्षेप समजला जात असावा.

महारेरा आहे, पण ती विकासकांसाठी, आणि तीही 500 चौरस मीटरांहून मोठा भूखंड व आठांहून अधिक सदनिका अशा ऐश्वर्याची दखल घेणारी. माझी एक माडी तिच्या दृष्टीस पडण्याइतकी उंच नाही. शिवाय कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींच्या महापालिकेच्या परवानग्याच बनावट निघाल्या आणि त्या दाखवून महारेराची नोंदणीही मिळवलेली होती; नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा हुकूम दिला, तेव्हा कागद पाहून घर घेणारा आणि न पाहता घेणारा हे दोघेही एकाच छताखाली, म्हणजे लवकरच छताविना, आले.

तरीही मी 10 रुपयांचे न्यायालयीन मुद्रांक तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. महाराष्ट्रात अशा अर्जात एकच विषय आणि 150 शब्द एवढीच मुभा असल्यामुळे, ठेकेदाराविषयीचे माझे सगळे संशय मला त्यात कोंबावे लागले. मुदत 30 दिवसांची. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले की, ठेकेदाराच्या नावे माहिती ठेवली जात नाही, सबब भूखंड क्रमांक कळवावेत.

भूखंड क्रमांक चहाच्या टपरीवर मिळाले. किंबहुना ज्याला दप्तर म्हणावे ते तेथेच आहे आणि त्याला मुद्रांक लागत नाही. "माणूस एक नंबर," असा पहिला अभिप्राय पडला, "मार्जिन सोडतच नाही!" हे मी नफ्याविषयी समजलो, ते घराभोवती मोकळ्या सोडावयाच्या जागेविषयी होते. अमक्याला त्याने बाजूच्या मार्जिनमध्ये देवघर काढून दिले, तमक्याचा जिना रस्त्यापर्यंत नेला. नोटिसा आल्या का? आल्या की! कलम 53 ची नोटीस ही घराला लागलेली दृष्ट समजली जाते, आणि 2017 पासून प्रशमन शुल्काचे लिंबूही उपलब्ध आहे. 52 व्या कलमात कैदेसोबत जो दंड सांगितला आहे तो 2 हजारांपासून 5 हजारांपर्यंत, म्हणजे एका दरवाजाच्या चौकटीचाही खर्च निघू नये इतका. उलट नकाशाबाहेर वीतभरही न जाणारा एक ठेकेदार आहे म्हणतात. त्याला अनुभव नाही, यावर टपरीचे एकमत झाले.

नाही म्हणावयास, बिनचूक तपासणी करणारी एक अधिकारिणी या जिल्ह्यात आहे, ती म्हणजे काळी माती. वैशाखात ती भेगाळते, आषाढात फुगते, आणि ज्याचा पाया मुरुमापर्यंत गेलेला नाही त्याच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा शेरा मारते, ज्यावर अपील चालत नाही. याच जिल्ह्यात सेवाग्रामला, प्रथम मीराबेनची असलेली आणि पुढे बापूंची झालेली मातीची, कवेलूंची कुटी अजून उभी आहे. तिच्याभोवती मार्जिन भरपूर आहे, एवढे मी पाहून आलो.

भूखंड क्रमांक घालून दुसरा अर्ज केला. त्याचे उत्तर येण्यापूर्वीच, अर्जावर माझा पत्ता स्वच्छ अक्षरांत असल्यामुळे, टेप घेतलेले दोन कर्मचारी आले. मागच्या मार्जिनमध्ये बारा वर्षांपूर्वी मी जी तात्पुरती मोरी आणि तिच्यावर जी त्याहून तात्पुरती खोली बांधली होती, ती मोजणे त्यांना प्राप्त होते. टेपचे दुसरे टोक धरण्यास माणूस हवा होता. बयाण्याची आठवण देण्यास आलेल्या ठेकेदाराने ते आनंदाने धरले, आणि टेप ताणण्यापूर्वीच, "साडेतीन फूट आत आहे साहेब," असे सांगितले. आकडा बरोबर निघाला. मग ओट्यावर बसून पंचनामा लिहिला गेला, माझ्या नावापुढे 'अनधिकृत बांधकामधारक' असे पडले, आणि खाली पंच क्रमांक 1 म्हणून ठेकेदाराने आपले संपूर्ण नाव, वय, धंदा व राहण्याचे ठिकाण लिहून, वळणदार सही केली.