यूएसबी-सिरीयल जोडणी : भाच्याने मनावर घेण्याजोगी नियमावली

ही नियमावली सर्व होतकरू तंत्रज्ञांसाठी आहे. बिल्डिंगच्या आकाशकंदिलाचे रंग यंदा मोबाइलवरून बदलून दाखवण्याचा विडा उचललेल्या दादरच्या एका भाच्याला ती तंतोतंत लागू पडली, तर त्याने योगायोग समजू नये.

नियम १. खरेदी. दादरहून चर्चगेट स्लो पकडून ग्रँट रोडला उतरावे आणि लॅमिंग्टन रोडवर ‘यूएसबी टू टीटीएल’ मागावे. नुसते ‘सिरीयल’ म्हटले, तर नऊ पिनांचा आरएस-२३२ वाला गळ्यात पडेल. त्याच्या तारेवर अधिक-उणे १२ व्होल्टही असू शकतात. कंदिलातला आपला ईएसपी८२६६ बोर्ड चालतो ३.३ वर. दोघांची गाठ घालू नये.

नियम २. अ‍ॅडॅप्टरवरचा जंपर ३.३ वर सरकवावा आणि लगेच हुरळून जाऊ नये. खरी मेख इथेच आहे. काही स्वस्त अ‍ॅडॅप्टरांवर तो जंपर फक्त व्हीसीसीच्या पिनेपुरता असतो. टीएक्सवर ५ व्होल्ट येतच राहतात. म्हणून बोर्ड न जोडता अ‍ॅडॅप्टर लॅपटॉपला लावावा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर, काळा प्रोब जीएनडीला, लाल टीएक्सला. डेटा जात नसताना टीएक्स ‘हाय’च असतो, त्यामुळे मीटर खरे ते सांगतो. ५ दिसले तर टीएक्सला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडावा, त्याच्या पुढच्या टोकापासून जीएनडीला २ किलोओहमचा. मधल्या सांध्यावर ३.३ मिळतात, बोर्डाचा आरएक्स तिथे.

नियम ३. आधी जीएनडी. वाद नको.

नियम ४. टीएक्स समोरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. टीएक्सला टीएक्स जोडला की दोघेही बोलतात, ऐकत कुणीच नाही : सोसायटीची वार्षिक सभा.

नियम ५. बोर्डाला स्वतःचा चार्जर असेल तर अ‍ॅडॅप्टरची व्हीसीसीची लाल तार जोडू नये. मोकळी लाल तार दिसली की काहींचे हात शिवशिवतात. कंदिलातली ६० दिव्यांची डब्ल्यूएस२८१२ पट्टी तर त्या तारेवर मुळीच नको. सगळे दिवे पूर्ण पांढरे पेटले तर ती ३.६ अँपिअर मागते, यूएसबी २.० पोर्ट देतो अर्धा अँपिअर.

नियम ६. तारेचा रंग बघून जोडू नये. पीएल२३०३ च्या प्रचलित केबलीत हिरवी तार टीएक्सची, एफटीडीआयच्या केबलीत आरटीएसची. पिनांची छापील नावे वाचावीत. चष्मा लागला असेल तर लावावा. त्यात कमीपणा नाही.

नियम ७. सुरू होताना स्क्रीनवर चिन्हांची खिचडी दिसली, तर ‘मामा, बोर्ड गेला!’ असा फोन मध्यरात्री करू नये. ईएसपी८२६६ उठल्या उठल्या ७४८८० च्या वेगाने बोलतो आणि आपण ऐकत बसतो ११५२०० वर. वेग बदलून बघावा. फोन करायचाच असेल तर करावा. मामा जागाच असतो.

नियम ८. मल्टिमीटर मामाचा आहे. नवा घे म्हटले तर ‘तुमच्याच मीटरची सवय झालीय’ असे उत्तर मिळते. ते ऐकून मामालोकांनी विरघळू नये. निदान नवी बॅटरी तरी मागून घ्यावी.