स्वावलंबनाची चोख व्यवस्था

शाळांचे निकाल लागले, हापूसच्या पेटीचा भाव कधी उतरतो याची वाट बघणं सुरू झालं, की निवासी शिबिरांचा हंगाम आला म्हणून समजावं. मुळशी, पानशेत, कर्जत, भंडारदरा, पवनेचा काठ. जिथे जिथे माळ शिल्लक आहे तिथे तंबू उगवतात आणि पुण्यामुंबईच्या सोसायट्यांमध्ये आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या पहिल्यावहिल्या मुक्कामाची तयारी सुरू होते. मुक्काम पाच रात्रींचा, अंतर गाडीनं दोन-तीन तासांचं. 1761 साली पानिपतावर लढणाऱ्यांपेक्षा बुणगेच जास्त होते, हे आपण शाळेत शिकलो. त्यावरून काय शहाणे झालो, ते शिबिराच्या बसपाशी उभं राहिलं की कळतं. एका मुलामागे आई, बाबा, दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि सॅक उचलायला खास आणलेला ड्रायव्हर.

यंदा ज्यांची पहिलीच वेळ आहे, त्यांची ऐनवेळी तारांबळ उडू नये म्हणून या आठवड्यात काही अनुभवसिद्ध सूचना.

सगळ्यात आधी उद्देश पक्का करा. मूल शिबिराला का जातं? तर स्वतःचं ताट स्वतः घासायला शिकावं, अंथरुणाची घडी घालावी, समोर येईल ते खावं, चार मुलांत मिसळावं, झाडावर चढावं, पडलं तर आपलं आपण उठावं. यातलं झाड सोडलं तर बाकी सारं घरात होण्यासारखं आहे, अशी शंका एखाद्या आजोबांना येते. त्यांना नीट समजावून सांगा. घरात ताट घासायला मावशी येतात, घडी आई घालते, दोडका केला की शेजारी पनीर करावं लागतं आणि चार मुलं चार वेगवेगळ्या क्लासला असतात. घरातलं स्वावलंबन आपण मोठ्या कष्टानं हद्दपार केलं आहे. आता ते पाच आकडी फी भरून, पावती घेऊन, रीतसर परत मिळवायचं आहे.

दुसरी पायरी पालकसभेची. ही चुकवू नका, कारण शिबिरात नेमकं काय होणार नाही याची खात्री इथेच करून घ्यायची असते. संचालक म्हणून बहुधा एक रापलेला, दाढी वाढलेला दादा उभा असतो. तो निसर्ग या विषयावर बोलायला लागला की हात वर करावा. निसर्गात एसी आहे का? कमोड आहे का? पोळ्या मऊ असतात का? आवारात साप आहेत का? शेवटच्या प्रश्नावर दादा प्रामाणिकपणे सांगतो की सह्याद्रीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं असे चार प्रमुख विषारी साप आहेत, ते माणसाला टाळतात, आपण रात्री विजेरीशिवाय आणि बुटांशिवाय फिरायचं नाही. एवढं ऐकून स्वस्थ बसू नये. ‘पण तेवढे पाच दिवस त्यांचं काही करता येईल का?’ असं विचारावं. एका बाबांना काजवे हवे असतात. दादा म्हणतो, काजवे मेअखेरीला, पावसाच्या तोंडाशी दिसतात. बाबा म्हणतात, आमची बॅच 5 मेची आहे, फीमध्ये फरक नाही ना, मग काजव्यांचं बघा काहीतरी. कुणीतरी विचारतं, वळीव आला तर? दादा म्हणतो, भिजतील. यानंतर सभेत जी शांतता पसरते ती शोकसभेतही पसरत नाही.

फॉर्म भरताना नीट लक्ष द्या. त्यात दमा, ॲलर्जी, चालू औषधं, झोपेत चालण्याची किंवा अंथरूण ओलं करण्याची सवय असे रकाने असतात. तंबूतल्या ताईला रात्री दोन वाजता उपयोगी पडेल अशी माहिती सगळ्या फॉर्ममध्ये एवढीच असते. म्हणून हे रकाने कोरे ठेवण्याची प्रथा आहे. लोक काय म्हणतील? त्याऐवजी ‘विशेष सूचना’ या रकान्यात सविस्तर लिहावं. दुधात साय चालत नाही. वरण-भातावर तूप आधी, लिंबू नंतर. डाव्या कुशीवर झोपतो. फार हुशार आहे, त्यामुळे लवकर कंटाळतो. जागा अपुरी पडली तर पुरवणी जोडावी.

आता सामान. आयोजकांची यादी अर्ध्या पानाची असते. सतरंजी, पातळ पांघरूण, ताट-वाटी-पेला, विजेरी, टोपी, पूर्ण बाह्यांचे सदरे आणि मळले तरी चालतील असे कपडे. यातली शेवटची वस्तू सुशिक्षित घरात सापडत नाही. ती डेकॅथलॉनमध्ये जाऊन नवी आणावी लागते, आणि ती मळू नये म्हणून वर एक जॅकेट घ्यावं लागतं. यादीच्या तळाशी ठळक अक्षरांत ‘खाऊ आणि मोबाइल पाठवू नये’ असं लिहिलेलं असतं. ते इतर पालकांसाठी असतं. चिवडा मोज्यांत बसतो, लाडू टोपीत बसतात, आणि हातावर सिमकार्ड घातलेलं घड्याळ बांधलं तर त्याला मोबाइल म्हणत नाहीत. सॅक आईनं भरावी. मुलाला जवळ फिरकू देऊ नये. म्हणजे तिकडे गेल्यावर कोणती वस्तू कुठे आहे हे त्याला कळत नाही, पाच दिवस एकाच सदऱ्यात निघतात आणि बाकीचे कपडे इस्त्रीसकट परत येतात. दरवर्षी शेवटच्या दिवशी तंबूंतून बेवारस टॉवेल, चड्ड्या आणि बाटल्यांचा ढीग निघतो. ताई एकेक वस्तू वर धरून ‘ही कुणाची?’ विचारते आणि समोर बसलेली मुलं आपलीच चड्डी त्रयस्थपणे न्याहाळतात. त्यांनी ती खरोखरच पहिल्यांदा पाहिलेली असते.

मनाच्या तयारीचंही शास्त्र आहे. मुलांची शिबिरं वर्षानुवर्षं घेणारी मंडळी तीन गोष्टी सांगतात. शिबिराआधी एखाद-दोन रात्री मुलाला आत्याकडे किंवा मावशीकडे एकटं राहू द्या. सामान त्याचं त्याला भरू द्या. आणि ‘नाही करमलं तर न्यायला येतो’ असं वचन चुकूनही देऊ नका, कारण मग मूल रमायचा प्रयत्नच करत नाही, ते न्यायला येण्याची वाट बघत बसतं. या तिन्ही गोष्टी फुकट आहेत. फुकटच्या सल्ल्यावर जबाबदार पालकानं विसंबू नये. त्यानं निघायच्या आदल्या रात्री मुलाला जवळ घेऊन भरल्या गळ्यानं म्हणावं, ‘अजिबात घाबरायचं नाही हं! रडायचं तर मुळीच नाही. काही झालं, अगदी काहीही झालं, तरी बाबा रात्री दोन वाजता गाडी काढतील.’ तोपर्यंत घाबरण्यासारखं काही आहे हे मुलाच्या गावीही नसतं.

अशा वेळी घरातली ज्येष्ठ मंडळी जुने दाखले काढतात. त्यांची उत्तरं तयार ठेवा. ते सांगतील, 1870च्या दशकात धोंडो केशव कर्वे नावाचा मुरूडचा पोरगा परीक्षेला बसायचं म्हणून कुंभार्ली घाट चढून शंभर मैलांच्या वर चालत साताऱ्याला गेला, आणि तिथे तो वयानं लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. आपण म्हणावं, बघा, म्हणूनच आधी फोन करून विचारायचं असतं. ते ‘श्यामची आई’ काढतील. साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात पोहायच्या भीतीनं माळ्यावर लपलेल्या श्यामला आई बाहेर ओढते, शिंपटीनं मारते आणि विहिरीवर पिटाळते. आपण डोळे पुसत म्हणावं, काय ती माऊली! आणि लगेच शिबिराच्या तरणतलावाची खोली विचारायला दादाला फोन लावावा. ते बाबा आमट्यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीबद्दल बोलतील, जिथे मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात, तरुण पोरं कुदळ-फावडं हातात घेतात. आपण म्हणावं, फारच प्रेरणादायी, त्यांची सकाळची बॅच असते का? शिवाजी शेजारच्या घरात जन्मावा असं पूर्वीच्या मध्यमवर्गाला वाटे. आपण त्या संकुचितपणातून बाहेर आलो आहोत. तो आपल्याच घरात जन्मावा, फक्त तोरण्यावर जाताना सनस्क्रीन लावून जावा आणि पोचल्यावर मेसेज करावा.

मेसेजवरून आठवलं. बस सुटल्यावर शिबिराचा खरा भाग सुरू होतो, तो म्हणजे पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप. इथे माणसांची नावं गळून पडतात, सगळे कुणाचे तरी आई किंवा बाबा उरतात. रोज रात्री नऊला फोटो येतात. ते दोन बोटांनी मोठे करून तपासायचे असतात. दुसऱ्या रांगेतला तिसरा हसत का नाहीये? हा कालचाच टी-शर्ट ना? गुडघ्याला काय लागलंय? हिच्या शेजारी तीच मुलगी परत का बसलीय? दादानं दिवसभर चाळीस मुलांना डोंगर चढवून उतरवलेलं असतं. आता रात्री साडेबारापर्यंत तो पालकांना झोपवत बसतो. एकही फोटो न आलेल्या मुलाच्या घरी त्या रात्री चूल पेटत नाही, स्विगीवरून मागवतात. ज्याचा फोटो आला नाही तो बहुतेक झाडावर असतो.

यावरून मुलं तिथे काय करतात असा प्रश्न पडू शकतो. पडू देऊ नये. पण माहितीसाठी सांगतो. पहिल्या रात्री दिवे मालवले की दोघं-तिघं मुसमुसतात, कारण घरची आठवण ही मुख्यतः झोपायच्या वेळेला येणारी गोष्ट आहे. ताई जवळ बसते. शेजारच्या सतरंजीवरचा एक पोरगा, जो स्वतःही रडायच्या बेतात असतो, तो भुताची गोष्ट सुरू करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच मुलं करवंदाच्या जाळीत शिरून दात-ओठ जांभळे करून येतात. तिसऱ्या दिवशी दोडक्याची भाजी दोनदा घेतात, कारण चढून आल्यावर दोडका चांगला लागतो. हे घरी कळलं तर आईच्या हाताला कमीपणा येईल, म्हणून मुलंही ते सांगत नाहीत.

‘चार मुलांत मिसळणं’ या कलमाबद्दल मात्र पालकांनी निर्धास्त राहावं. 1907 मध्ये बेडन-पॉवेल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं जे शिबिर घेतलं आणि ज्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली, तिथे त्यानं ईटनसारख्या बड्या शाळांतली मुलं आणि साध्या कामकरी घरांतली मुलं मुद्दाम एका तंबूत घातली होती. आपल्याकडे हा धोका फीच्या आकड्यानंच टळतो. चार सोसायट्यांतली मुलं मिसळतात, चारही सोसायट्यांना जलतरण तलाव असतो.

तसं पाहिलं तर शिबिराचा सगळा अभ्यासक्रम आपल्या घरी रोज सकाळी साडेसातला येतो. मावशींची मुलगी सुट्टी लागली की धाकट्या भावाचा हात धरून लाल डब्याच्या एसटीनं गावी जाते. खिडकीशी जागा नाही मिळाली तर उभ्यानं. तिथे ती जमिनीवर झोपते, हापशावरून पाणी आणते, चूल पेटवते, समोर येईल ते खाते, झाडावर चढते. तिला कुणी प्रमाणपत्र देत नाही. उलट मावशी कामावर आल्या की ओशाळून म्हणतात, ‘काय करणार ताई, पोरीला कुठं क्लासला घालायची आमची ऐपत नाही.’ आपणही हळहळतो आणि सांगतो, आमच्या पिल्लूचं शिबिराचं ताट जरा शोधून ठेवा, त्याला तिथे स्वतः घासायचंय. चूल, हापसा, सतरंजी, दोडका, सगळं तेच. नाइलाज असला की ते दैन्य, फी भरली की संस्कार.

ज्याच्या शेतात तंबू लागलेत त्या शेतकऱ्याला हे आपल्याआधी कळलं आहे. बैलगाडीतून फेरी, शेणानं अंगण सारवणं, झुणका-भाकर हे सगळं तो शहरातल्या मुलांना करू देतो, पैसे घेऊन. त्याचा स्वतःचा मुलगा मात्र या धुळीत दिसत नाही. त्याला बापानं सुट्टीत पुण्याला काकाकडे धाडलंय, संगणकाच्या आणि इंग्रजी बोलण्याच्या क्लासला. जाताना त्यानं पिशवी आपली आपण भरली होती.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना परतीबद्दल. मूल काळवंडून, गुडघे फोडून, आवाज बसवून घरी येतं. पहिल्याच जेवणानंतर ते कुणी न सांगता उठतं आणि आपलं ताट घेऊन मोरीकडे निघतं. घाबरू नका, हे लक्षण नेहमीचं आहे. आधी एक फोटो काढा, ग्रुपवर टाका, दादाचे आभार माना. मग आजीला खूण करा. आजीनं लगबगीनं उठून, ‘राहू दे रे सोन्या, दमून आलायस,’ म्हणत ताट हातातून काढून घ्यावं. दोन दिवस असं केलं की ताट उचलणं थांबतं, तिसऱ्या दिवशी अंथरूण जिथल्या तिथे राहतं आणि चौथ्या दिवशी दोडक्याशेजारी पनीर येतं. यात हयगय करू नये. सवय एकदा अंगवळणी पडली, तर पुढच्या मे महिन्यात शिबिराला पाठवायला निमित्त काय उरणार? आगाऊ नोंदणीवर 10 टक्के सवलत आहे.