टेन्शन हाय, दोन कट सांग!

वाशिमच्या एसटी स्टँडबाहेर सकाळी दहाला कुठल्याही टपरीवर उभं राहा. 'टेन्शन' हा शब्द दहा मिनिटांत जितक्यांदा कानावर पडेल, तितक्यांदा मुंबईच्या मानसोपचारतज्ज्ञाच्याही पडत नसेल. "काय चाल्लं भाऊ?" "काई नाई, टेन्शन हाय. दोन कट सांग." चहासोबत बिस्किटाचा पुडा येतो. त्यावर दुसरी पुडी, गुटख्याची, जी राज्यात 2012 पासून बंद आहे, त्यामुळे फक्त प्रत्येकाच्या खिशात मिळते. रिकाम्या पोटी साखर, त्यावर चहा, त्यावर तंबाखू. अर्ध्या तासात छाती धडधडते, हाताला कंप सुटतो. भाऊ म्हणतात, "टेन्शन वाढलं." उपाय? अजून एक कट.

तसं मराठी माणसाला पोट आणि मनाचं नातं नव्याने शिकवायची गरज नाही. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो, वाईट बातमी आली की खड्डा पडतो, शेजाऱ्याचं भलं झालं की ते दुखतं. आता मोबाइलवरचे आहारगुरू हेच नव्याने सांगतात: शरीरातलं 90 टक्के सिरोटोनिन आतड्यात तयार होतं, म्हणून अ‍ॅव्होकॅडो खा आणि आनंदी राहा. आतड्यातलं ते सिरोटोनिन मेंदूपर्यंत पोचत नाही, हे सांगायला रीलमध्ये जागा उरत नाही.

पण रील खोटी म्हणून विज्ञान खोटं ठरत नाही. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्य असलेली 67 माणसं, 12 आठवडे. निम्म्यांशी नुसत्या गप्पा मारल्या, निम्म्यांचं ताट सुधारलं: डाळी, भाज्या, फळं, अख्खं धान्य, मासे, दाणे. ताटवाल्यांपैकी 32 टक्क्यांचं नैराश्य उतरलं, गप्पावाल्यांपैकी 8 टक्क्यांचं. प्रयोग लहान, बऱ्याच जणांची औषधंही चालूच होती, त्यामुळे गोळ्या फेकून भाजी आणायला पळू नका. पण डाळ, भाजी आणि अख्खं धान्य म्हणजे काय हो? आपल्या आजीची भाकर, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी!

ते ताट गेलं कुठं? ज्वारीला रानडुकरांनी, पाखरांनी आणि भावाने हाकललं आणि शिवारात सोयाबीन आलं. सोयाबीनच्या दाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. एवढं प्रथिनांचं पीक पोत्यांनी पिकवणारा जिल्हा ते खातो का? छे. तेल कारखान्याला, ढेप कोंबड्यांना, कुटार गुरांना आणि पिकवणाऱ्याला बिस्कीट. नुसता दाणा शिजवून खाल्ला तर पोट फुगतं, हे खरंच. पण दळणात मूठभर भाजलेलं सोयाबीन टाकलं तर काही बिघडत नाही. हे सांगणारा मात्र बाजार समितीत भेटत नाही, तिथं फक्त ओलावा किती ते सांगतात. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली रेंगाळत होता. त्या भावात माल विकून घरी निघालेल्या माणसाला कुणी 'मूड सुधारण्यासाठी मूठभर बदाम' सुचवले, तर बदाम कुणाच्या डोक्यात बसतील ते सांगत नाही. कर्जाच्या नोटिशीवर भाकरीचा उतारा नाही. भाकर फक्त नोटीस वाचताना हात कमी थरथरवते.

आता टपरीवरून जरा घरात येऊ. "आमची लय चिडकी झाली," हे भाऊंचं दुसरं आवडतं वाक्य. केंद्राच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं, पुरुषांत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी. लोह कमी पडलं की दम लागतो, डोकं दुखतं, चिडचिड होते. हीच बाई पहाटे उठते, कोऱ्या चहावर शेतात जाते, निंदणाला वाकते, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या कोरड्यासात भाकर कुस्करते आणि वर पुन्हा चहा पिते. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग तिला आठवड्याचे उपवासही असतात. तिचा स्वभाव बदलला म्हणून जाणत्याकडे नेतात, अंगारा लावतात. हिमोग्लोबिन तपासायला नेत नाहीत, तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट असून.

सरकारचं लक्ष नाही असं मात्र म्हणू नका. 2018 मध्ये नीती आयोगाने वाशिमला 'आकांक्षित जिल्हा' केलं, म्हणजे 'मागास'ला शुद्ध हिंदीत टोपी घातली. 100 पैकी 30 गुण आरोग्य-पोषणाला ठेवले. वजन मोजलं, उंची मोजली, मन तेवढं राहिलं. त्याआधी 2015 पासून शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा प्रकल्प' आहे, त्यात वाशिमही आहे. आता 14416 हा टेलिमानसचा क्रमांकही आहे. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आहाराच्या गप्पा बाजूला ठेवा आणि तो आधी लावा.

बाकी टेन्शनसाठी माझी विनंती आशाताईंना. घरोघर फिरताच आहात, तर उंबऱ्यात बसून दोनच गोष्टी आधी विचारा: सकाळपासून पोटात काय गेलं, आणि या घरात शेवटी कोण जेवतं? उत्तर बाईकडूनच घ्या. भाऊ तेव्हा टपरीवर असतील.